खिडकीजवळची चटई

मंगळवार, एप्रिल. संध्याकाळ.

सोनल माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, पण तिची पाळी ठरल्या तारखेला येते. आजपासून बाईसाहेब खिडकीजवळच्या चटईवर. आमच्या घरी पाळीत पाण्याला शिवत नाहीत, म्हणून कॉलनीत टँकर आला तरी ती जागची हलली नाही. जिन्यानं हंडे वर आणायला मी आणि आईच. माझी पाळी पाच महिने झाले आलीच नाही ना! डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हार्मोन बिघडलेत, वजन कमी कर, रोज चाल, आत्तापासून हाडांचंही बघ. तेवढंच धरून सोनल चटईवर लोळत म्हणते कशी, "उचल ताई, हाडं मजबूत व्हतील!"

असा जळफळाट झाला! मलाही ती चटई पाहिजे होती. एवढंच. तिसऱ्या हंड्याला आईला सांगून टाकलं, "मलापण आली."

वाटलं, वैतागेल. तर तिनं कळशी खाली ठेवली, डोळे पुसले. "आली का गं माय? लई घोर लागला होता." आता मॅडमना फोन करणार म्हणते.

चटईवर सोनलशेजारी बसून लिहितेय. आई उरलेले हंडे एकटीच वर आणतेय. गुणगुणत.