धार टिकत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आला एकदाचा माझा चाकू! चार महिने वाट पाहिली. मिटलेला असताना तळहाताबाहेर बोटभर डोकावतो, उघडला की वीतभर. वजन एकशे नव्वद ग्रॅम. लायब्ररीतल्या टपालाच्या काट्यावर केलं, म्हणजे कॉलेजच्या वस्तूचा खासगी वापर केला. लिहून ठेवते, नंतर सोयीस्कर विसरायला नको.

उघडताना ‘खट्’ असा एकच आवाज येतो. बंद दारामागे बसून पन्नासेक वेळा तरी उघडमिट केली असेल. अंगठा हुळहुळतोय. चव्वेचाळीस वर्षांची बाई!

बाबांना दाखवला. चामड्याच्या बॅगांच्या कारखान्यात चाळीस वर्षं कटिंग मास्तर होते ते. आता डोळ्यांना धूसर दिसतं, हात थरथरतो, पण पातं अंगठ्याच्या नखावर टेकवलं की हात थांबतो. क्षणभर चेहरा बदलला त्यांचा. मग म्हणाले, “छान आहे. भातुकली कुठाय याची?”

५ फेब्रुवारी

कुर्त्याचा खिसा ओघळतो. चालताना मांडीवर आपटत राहतो. क्लिप इतकी घट्ट की शिवण उसवली. हे तोटे. फायदा: बाइंडिंगचा जाड पुठ्ठा एका ओढीत. पूर्वी तीन लागायच्या.

शिपाई दारातूनच म्हणाला, “बाई, आज कुणाचा नंबर?” हसले. आवडलं मला! ते का आवडलं, याचा विचार केला पाहिजे.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी धारवाल्या काकांच्या दुकानात. आम्ही चाकूवेडे सहाजण, त्यांत बाई मी एकटीच. मागच्या खोलीत बाकडी, मध्ये टेबल, त्यावर सगळ्यांचे चाकू. इथली रीत मला फार आवडते – चाकू मिटूनच द्यायचा, आणि घेणारा ‘आला’ म्हणेपर्यंत देणाऱ्याने सोडायचा नाही. ज्याला आम्ही खटका म्हणतो (सारखा उघडमिट करत असतो), त्याच्या हातूनही आजवर एकदाही चूक झालेली नाही.

दुसरी रीत वहीची. नवा चाकू महिनाभर वापरायचा, मग अभिप्राय लिहून सर्वांसमोर वाचायचा. वापरल्याशिवाय लिहायचं नाही, आणि खोटं लिहायचं नाही. माझा ३ मार्चला महिना होईल.

आमच्यातल्या डेंटिस्टकडे अगदी हाच चाकू आहे. म्हणाला, “डोळे मिटून वापरा ताई, पोलाद एक नंबर आहे.”

१२ फेब्रुवारी

धार गेली! नऊ दिवसांत. काल कागद कापत होता, आज फाडतो. माझंच काहीतरी चुकलं असणार. संध्याकाळी तासभर दगडावर लावला. बाबा आपल्या खुर्चीत सफरचंद सोलत होते. रोजचा कार्यक्रम – त्यांचा शिंगाच्या मुठीचा जुना चाकू, आणि अख्ख्या सफरचंदाची एकच न तुटलेली साल. ती माझ्या तोंडासमोर लोंबकळत धरली. “बघ. हातात असावं लागतं.”

१४ फेब्रुवारी

पुन्हा गेली. दोन दिवसांत!

१७ फेब्रुवारी

बाबांच्या बोटाला कापलं. या महिन्यात दुसऱ्यांदा. फार नाही, पण रक्त सालीवर ठिबकत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं.

दादाला फोन केला. तो म्हणाला, “काढून घे ना चाकू. सांग हरवला.” मी म्हटलं, खोटं कसं बोलू? “मग बस पट्ट्या बांधत. तुला काय, तेवढंच आयुष्य आहे.” दादा दूर राहतो. दूर राहणाऱ्यांची मतं पक्की असतात.

चाकू काढून घेतला तर बाबा काय करतील दिवसभर? रोज सहाला उठून पाऊण तास दगडावर धार लावतात. तोच त्यांचा दिवस. नंतर चाकू खिडकीत ठेवून अंघोळीला जातात. त्यांचं आटोपलं की मी जाते. माझा चाकू दाराजवळच्या फळीवर. दोन चाकू, दोन माणसं, एक न्हाणीघर. असं घर आहे आमचं.

२२ फेब्रुवारी, रविवार

अपमान.

धारवाल्या काकांना चाकू दाखवला. ‘आला’ म्हणून त्यांनी घेतला, भिंगाखाली धरला आणि मान हलवली. “बाई, चिनीमातीच्या बशीत ठेवून कापता की काय? धार झिजलेली नाही. चेपली गेलीय. काच, बशी, कप – त्यावर धार उभी टेकवून तीनदा ओढा, महिन्याची मेहनत संपली.” मी म्हटलं, मी पुठ्ठा आणि दोरा सोडून काही कापत नाही. खटका म्हणाला, “ताई रागानं बघत असतील त्याच्याकडे. त्यानंच चेपली.” हशा. डेंटिस्ट म्हणाला की त्याने तीन महिन्यांत एकदाच धार लावली. आणि जोडलं, “काही काही हात असतात तसे.”

तसे म्हणजे कसे? एकोणीस वर्षांची असताना मी बाबांच्या मागे लागले होते, मला कटिंग शिकवा. ते कारखान्यात, सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले होते, “मुलीच्या हातात धार टिकत नाही.” माणसं हसली होती. दादाला शिकायला बोलावलं, तर तो आठवड्यात पळाला.

पंचवीस वर्षं झाली. हशा तोच.

२३ फेब्रुवारी

केलं.

बाबा अंघोळीला गेले. त्यांचा चाकू खिडकीत. शेजारीच दाढीचा कप, चिनीमातीचा, जुना. उपडा केला. बुडाच्या खरबरीत कडेवर धार उभी टेकवली. तीनदा ओढली. फार हलका आवाज झाला, नखाने भांडं खरवडावं तसा. कडेवर करड्या रेघा उमटल्या. काही आधीच्या होत्या, चमच्याच्या असतील.

कारण: त्यांना कापू नये. चाकूही राहील, हातही राहतील. खोटं बोलावं लागलं नाही.

हे कारण खरं आहे. पण ते आज सुचलं की काल त्या हशात सुचलं?

२५ फेब्रुवारी

साल तुटली.

तीन ठिकाणी. कपाचा आज सलग तिसरा दिवस. बाबांनी तुकडे बोटांनी चाचपले, जुळवून बघावेत तसे. मग साल न काढताच सफरचंद खाल्लं. माझ्याकडे बघितलं नाही.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते: मला आनंद झाला. काळजी मिटल्याचा नाही. आनंदच.

२६ फेब्रुवारी

आज साडेसातपर्यंत दगडाचा आवाज थांबेना. दीड तास लावत होते. मग अंघोळ. मग कपावर मी. तीनदा.

१ मार्च, रविवार

दुकानात गेले नाही. बाबांनी हाक मारली. त्यांनी मला कधी कामासाठी हाक मारलेली आठवत नाही. दगड हातात होता. “जरा बघ गं. खड्डा पडलाय का यात? मला दिसत नाही. धार धरत नाही पूर्वीसारखी.”

मी दगड उजेडात धरला. त्यावर पट्टी ठेवून पाहिली. सपाट होता.

“दगड ठीक आहे, बाबा.”

“मग?”

मी दगड परत त्यांच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ ते आपले तळवे उलटसुलट करत बसले. दुसऱ्या कुणाचे हात चुकून आपल्याकडे आले असावेत, तसे.

आता थांबायला हवं होतं. कबूल. थांबले नाही. ‘आठवडाभरात बोटाला एकही नवी पट्टी नाही’ हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. फार सोयीचं उत्तर आहे ते.

३ मार्च

महिना झाला. वहीत लिहायचा अभिप्राय पूर्ण केला. दोन पानं. मूठ उत्तम, लॉक पक्कं, पात्याचा समतोल डोळ्यांत पाणी आणणारा. खिसा फाडतो. लोक बिचकतात आणि ते सुख देतं, हेही लिहिलं. शेवटी: “परंतु पोलाद निकृष्ट. दोन ते तीन दिवसांच्या वर धार टिकत नाही. सहा वेळा खात्री करून घेतली आहे.”

खोटं लिहायचं नाही हा नियम. एक शब्द खोटा नाही.

८ मार्च, रविवार

अभिप्राय वाचला. पोलादाच्या वाक्यावर डेंटिस्ट उठून उभाच राहिला. स्वतःचा चाकू काढला, कागदाची कड हवेत धरून कापली. कापलेली पट्टी गिरक्या घेत माझ्या पुढ्यात पडली. “हेच पोलाद, ताई. हाच कारखाना. फरक फक्त मालकाचा.” खटका म्हणाला, “वहीत लिहा, ताई निकृष्ट, पोलाद उत्तम.” धारवाले काका हसले नाहीत, पण माझी दोन पानं वहीत चिकटवलीही नाहीत. “अजून महिनाभर वापरा,” म्हणाले. म्हणजे नापास.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे! त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मी काय म्हणालो होतो?”

उद्याची वाट बघत झोपतेय. अंघोळीची वेळ कधी होते याची.

९ मार्च

आज तीनदा नाही. दहादा.

११ मार्च

ऑफिसच्या बॅगेचा पट्टा तुटला. बाबांनीच ती बॅग कापून शिवून घेतली होती, मला नोकरी लागली तेव्हा. नवी घ्यायला हवी. बाबा म्हणाले, “ठेव इथं. पट्टा कापून देतो. चामडं आहे माझ्याकडे.”

म्हटलं, राहू द्या.

“का? तेवढंही जमणार नाही मला?”

१४ मार्च, शनिवार

घरी आले तर जमिनीवर बॅग, चामडं, रक्त. बाबा भिंतीला टेकून बसले होते, डावा हात उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. धार चालेना म्हणून सगळा जोर लावला त्यांनी. पातं चामड्यावरून निसटलं आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी शिरलं.

पट्टा अर्धा कापलेला. पहिली वीतभर कड अगदी सरळ आहे.

१५ मार्च

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. “बोथट हत्यार होतं का? धारदार असतं तर जखम स्वच्छ असती, शिवून घरी पाठवलं असतं. ही फाटलीय. शीर तुटलीय. त्यात साखर वाढलेली.” मग माझ्याकडे बघून, “वयस्कर माणसाच्या हातात बोथट सुरी देतात का?”

बाबाच पूर्वी कारागिरांना सांगायचे: धारेचा चाकू काम कापतो, बिनधारेचा मालकाला. लहानपणापासून ऐकलंय मी हे. पाठ आहे. आणि तरी त्यांना कापू नये म्हणून धार घालवत होते मी, म्हणे!

ठरवलं. घरी आणलं की सगळं सांगायचं. दिवस, वेळा, आकडे. काही गाळायचं नाही.

१६ मार्च

हाताला काम हवं म्हणून माझा चाकू दगडावर लावला. घरात दुसरा आवाज नव्हता.

१९ मार्च

अंगठा काळा पडतोय. दादाचा फोन: “मी सांगितलं होतं, काढून घे. आता खूश?” त्याचं बरोबर आहे. तो चुकीच्या कारणासाठी बरोबर असतो नेहमी.

दुपारी बाबा शुद्धीत होते. म्हणाले, “शिंगाच्या मुठीचा तूच घे आता.” मी म्हटलं, घरी या, मग द्या. ते हसले. दात काढून ठेवलेले, त्यामुळे हसू ओळखीचं वाटलं नाही. मग उजव्या हाताने माझी बोटं एकेक चाचपली आणि म्हणाले, “हाताला सफाई आली हं तुझ्या.”

आयुष्यात पहिल्यांदा! कशाबद्दल म्हणाले, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. बाहेर येऊन जिन्यात बसून रडले.

२४ मार्च

अंगठा काढला. ज्याच्या नखावर धार बघायचे तो.

२७ मार्च, शुक्रवार

बाबा अजून दवाखान्यात. माझ्या चाकूला मी सोळा तारखेला धार लावली. अकरा दिवस रोज पुठ्ठे कापतेय. आज सकाळी अंघोळीनंतर फळीवरून उचलला आणि कागदाची कड हवेत धरली. पट्टी गिरक्या घेत खाली पडली.

धार जशीच्या तशी आहे.

दाढीचा कप राखेने घासला. रेघा माझ्या हिशेबापेक्षा फार जास्त आहेत.