बॉनेटवरची जळमटं

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.
आज गाडी उन्हात काढली आणि जागीच थांबलो. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब, आणि त्याच्याभोवती जळमटं. कोळ्यानं विणावीत तशी, गोल, बारीक. मी बाजूला सरकलो तर तीही माझ्याबरोबर सरकली. आधी चष्मा पुसला. मग गाडी पुसली. जास्तच दिसायला लागली.

ही काळी सेडान घेतल्यापासून मी रोज सकाळी, पाणी असो नसो, जुन्या टॉवेलनं गोल गोल हात फिरवून पुसतो. एवढी निगा राखणारा माणूस अख्ख्या दहिवलीत दाखवा. तरी ही अवस्था. कारण उघड आहे. हवा.

बायकोला, दर्शनाला, बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "काळी गाडी आहे. उन्हात एवढं दिसणारच." तिला बारकावे दिसत नाहीत. ती आरोग्यसेविका आहे. लहान बाळांना लस देण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण पेंट हा वेगळा विषय आहे.

संकल्प: महिनाअखेर गाडी आरशासारखी.

४ नोव्हेंबर
कंपनीत लंच टाइमला व्हिडिओ पाहिले. ह्याला स्वर्ल मार्क म्हणतात. नाव कळलं की अर्धं काम झालं.

इलाज पॉलिश. पण पॉलिश म्हणजे एकच गोष्ट नव्हे. वॅक्स नुसतं झाकतं. बारीक पॉलिश हळूहळू गुळगुळीत करतं. कंपाउंड जाडंभरडं, ते रंगाचा वरचा थरच खरवडून काढतं. निवड चुकली तर गाडी जन्माची गेली. घाई करणारे लोक वेगळे.

दर्शनाची बदली झाली. चौक गावाच्या पुढे, डोंगराखालच्या वाड्यांचं उपकेंद्र. तिनं विचारलं, पुढच्या महिन्यापासून गाडी मी नेऊ का? लायसन्स आलंय, तुम्ही कंपनीच्या बसनं जाता, गाडी आठवडाभर दारात उभी. मुद्दा बरोबर आहे. मी लगेच हो म्हटलं. फक्त पॉलिश होऊ दे म्हटलं, असल्या तोंडानं गाडी चारचौघांत कशी न्यायची? ती आत भाजी निवडायला गेली. म्हणजे पटलं.

८ नोव्हेंबर
चार फाट्यावर रूपेशच्या दुकानात गेलो. ॲक्सेसरीजचं दुकान. मी वॅक्सची डबी उचलली तर म्हणाला, "काका, बेस्ट चॉइस." ती ठेवून पॉलिशची बाटली उचलली. "काका, ही तर त्याहून बेस्ट." कंपाउंडकडे नुसतं बघितलं, तर म्हणाला, "तुम्हाला समजतं काका." जाणकार पोरगा आहे.

शेवटी वॅक्स घेतलं. सुरुवात सौम्य असावी.

९ नोव्हेंबर, रविवार
वॅक्स लावलं. जळमटं गायब! दर्शनाला हाक मारली. ती बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "छान. मग आज मी एक चक्कर मारून आणू?" म्हटलं, वॅक्स मुरू दे. मुरांबा मुरतो तसं असतं ते. नाही तर सगळं फुकट.

१२ नोव्हेंबर
गाडी धुतली. जळमटं परत हजर.
रूपेश फोनवर म्हणाला, वॅक्स नुसतं झाकतं, काका. हे मला आधीपासून माहीत होतं. फक्त खात्री करून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार
कडावला सासूबाईंकडे गेलो. त्या दारातच गाडीभोवती फिरल्या. त्यांना जळमटं दाखवली. त्या म्हणाल्या, "राखेनं घासा की, जावय. माझी भांडी बगा, तोंड दिसतंय त्यात." मी हसून विषय बदलला. त्यांनी खरंच राखेची पिशवी बांधून दिली. डिकीत आहे.

अंगणातून रिव्हर्स काढताना दर्शनाला उतरून "या, या, थांबा, अहो थांबा" करावं लागलं. कुंपणाची जागा चुकीची आहे. परतताना रस्ता मोकळा होता. ती म्हणाली, इथून मी चालवते. मी म्हटलं, पॉलिशच्या आधी गाडीला नवा हात लागू नये. असं कुठेतरी वाचलंय. ती खिडकीबाहेर बघत राहिली. भाताची कापणी उरकलीये. दृश्य सुंदर होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज इतिहास घडला. बारीक पॉलिश आणलं. आधी लहानसा तुकडा करून बघावा, हा नियम. बॉनेटच्या मधोमध हातरुमालाएवढा चौकोन आखून हातानं घासला. घासला. घासला. जेवायला हाक आली तरी घासला. पुसून बघतो तर काय, एकही जळमट नाही. चौकोनात वाकून बघितलं तर माझ्या नाकातले केससुद्धा मोजता येतील.

फक्त एकच अडचण. चौकोनामुळे बाकीची गाडी गोठ्यात उभी असल्यासारखी दिसायला लागली. आणि ह्या वेगानं पुढची दिवाळी येईल.

पण निवड झाली. पॉलिश हेच. उजवा हात खांद्यापासून उचलत नाहीये. भात डाव्या हातानं खाल्ला.

३० नोव्हेंबर, रविवार
शेजारचा रोहिदास सुट्टीवर आलाय. तो माथेरानच्या हॉटेलात काम करतो. त्याला चौकोन दाखवला. तो बराच वेळ बघून म्हणाला, "हे पुसायचं राहिलंय का?" माझा विषय ज्यांना समजतो अशी माणसं कमी. मग म्हणाला, "वर आमच्याकडे गाड्याच नाहीत. घोड्याला खरारा केला की झालं काम." जिथे मोटारच चढत नाही तिथल्या माणसाशी ह्यावर काय बोलायचं?

महिना संपला. पण माझ्या मते महिना हा कामाप्रमाणे मोजावा.

१ डिसेंबर
दर्शना नव्या उपकेंद्रावर रुजू. सकाळी एस.टी.नं चौकपर्यंत, तिथून शेअर टेंपो. खांद्याला लशींचा थंड डबा, हातात रजिस्टरांची पिशवी. मी दारापर्यंत सोडायला गेलो. "लवकरच" असं म्हटलं. ती म्हणाली, "काय लवकरच?" तोवर कंपनीची बस आली.

४ डिसेंबर
आज टेंपो आलाच नाही. दर्शना चौकहून अर्धा रस्ता चालत गेली, पुढे एका दुधवाल्यानं नेलं. पोचेपर्यंत वाडीतल्या आया बाळांना पाठीशी बांधून कामाला निघून गेल्या होत्या. निम्मी बाळं लशीविना राहिली. जेवताना हे सगळं तिनं अगदी शांतपणे सांगितलं. आवाज नाही, आदळआपट नाही. फक्त मला आमटी वाढायची विसरली.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हणून तिच्यासाठी निर्णय घेतला. बारीक पॉलिशचे लाड बस्स. आता कंपाउंड.

६ डिसेंबर
आज पॉलिशला हात लावला नाही. संध्याकाळी विहारात अभिवादन. पाहुण्या बाईंचं भाषण स्त्रियांनी स्वतःच्या पायावर उभं राहण्याबद्दल, आणि घरच्यांनी त्यांना नुसत्या तोंडानं पाठिंबा न देण्याबद्दल. उत्तम भाषण. सगळ्यांत जास्त मान मी डोलावली. दर्शना बाजूच्या रांगेतून सारखी माझ्याकडेच बघत होती. तिलाही आवडलं असावं.

७ डिसेंबर, रविवार
कंपनीतून ड्रिल मशिन मागून आणलं. रूपेशनं त्याला बसणारा फोमचा पॅड दिला. कंपाउंडची बाटली दिली. "काका, आता तुम्ही प्रोफेशनल."

मशिन सुरू केलं. काय वेग! बॉनेट अर्ध्या तासात उजळलं. मग डाव्या कडेला जरा जास्त वेळ ठेवलं, कारण तिथे जळमटं हट्टी होती. गरम वास आला. पुसलं तर बशीएवढा करडा गोल.

रोहिदास कुंपणावरून म्हणाला, "रंग गेला." रंग गेला नाही. खालचा थर वर आला आहे. ह्यात फरक आहे.

गाडी डावी बाजू भिंतीकडे करून लावली. लावताना आरसा भिंतीला किंचित भेटला.

९ डिसेंबर, मंगळवार
अर्धा दिवस रजा टाकली. आज सगळं संपवायचंच. वेळ वाचवण्यासाठी एक युक्ती काढली. थोडं थोडं लावत बसण्यापेक्षा काचा सोडून अख्ख्या गाडीला एकदम कंपाउंड फासलं. दिवे आणि आरसे टेपनं झाकले. गाडी पांढरी फटक. पिठात लोळलेल्या म्हशीसारखी. मशिन लावलं आणि पॅड फाटला. दर्शना काम आटपून नुकतीच घरी आली होती. तिला "हात लावू नकोस" सांगून रूपेशकडे पळालो.

दुपारी.
गाडी चोरीला गेली.

थोड्या वेळानं.
चोरीला नाही. रोहिदासनं सांगितलं. दर्शनाला वाडीवरून फोन आला. जना नावाची बाई, पहिलटकरीण, कळा सुरू झाल्या, अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. दर्शनानं तांदळाच्या डब्यातून किल्ली काढली (तिला कसं कळलं?), आरशावरची टेप ओरबाडली आणि एकदाच गिअर टाकून फाटकातून सरळ बाहेर. रोहिदास म्हणाला, "उतरून कोणाला बघायलाही नाय लागलं."

म्हटलं, रोहिदास, बाइक काढ.

संध्याकाळी.
चौकच्या दवाखान्यात पोचलो. गाडी झाडाखाली, दोन जीपच्या मधल्या जागेत, उलटी लावलेली. सरळ रेषेत. मलाही जमलं असतं. जागा थोडी मोठी हवी.

आणि गाडीपाशी एक माणूस गोणपाटाचा बोळा पाण्यात बुडवून बॉनेट घासत होता. जोर लावून. वर-खाली, वर-खाली. अर्धी गाडी झालीही होती. मी "अरे अरे अरे" करत धावलो. तो जनाचा नवरा, नागू. डोळे रडून लाल. मला बघून हात जोडले. म्हणाला, "पोरगी झाली. दोगी बी बऱ्या हायत. बायनं येळंवर आनली. बायची गाडी लय माखली व्हती, म्हनून म्हटलं मी घासून देतो. माज्याकडं दुसरं काय हाय द्यायला?"

बोळ्यातून काळं पाणी टपकत होतं. मी म्हटलं, "चांगली घासलीस." तो म्हणाला, "आजून तिकडची बाजू ऱ्हायलीय." आणि गेला तिकडे.

दर्शना पायरीवर बसून चहा पीत होती. पदर कंपाउंडनं पांढरा. मी जवळ बसलो. ती म्हणाली, "अहो, मागे ती ओरडत होती, आणि मला वाटलं होतं माझे हात थरथरतील. नाही थरथरले." तिला इतकी खूश मी लग्नाच्या फोटोतही पाहिलेली नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "दुसऱ्या गिअरमध्ये आणलीस की तिसऱ्या?" ती हसली. बराच वेळ हसली.

येताना तीच चालवत होती. मी शेजारी बसून खड्डे सांगत होतो. मी सांगायच्या आत ती चुकवत होती. तरी सांगत राहिलो. सवय असावी.

१४ डिसेंबर, रविवार
गाडी घेऊन रूपेशकडे गेलो. म्हणजे दर्शना घेऊन गेली, मी बरोबर. रूपेशनं टॉर्च मारून बॉनेट तपासलं. मग म्हणाला, "काका, खरं सांगू? स्वर्ल मार्क एकही दिसत नाही." मी वाकून बघितलं. खरंच. आता सगळ्या रेषा सरळ. वरपासून खालपर्यंत, गोणपाटाच्या जाडीच्या, शेतातल्या नांगराच्या तासांसारख्या. गोल एकही नाही.

मूळ तक्रार गोल रेषांचीच होती. उद्देश सफल.

सरळ रेषांसाठी वेगळं पॉलिश असतं का, विचारलं. तो म्हणाला, "आता पेंटरच, काका." मी म्हटलं, घाई नको.

१५ डिसेंबर
दर्शना गाडीनं ड्यूटीवर गेली. तात्पुरती व्यवस्था.

१८ डिसेंबर
मागे राहिलेल्या सगळ्या बाळांना लस देऊन झाली. सकाळी कामावर निघायच्या आत आयांना गाठते म्हणे. तात्पुरती व्यवस्था चालू.

२१ डिसेंबर, रविवार
जनाची पोरगी बघायला वाडीवर गेलो. दर्शनाला वजन करायचं होतं. मी क्लचचा आवाज ऐकायला म्हणून गेलो.

वाडीत गाडी थांबली आणि माणसं जमली. "बाय आली, बाय आली." पोरगी छान आहे. काळेभोर केस, मूठ घट्ट. जनानं ती माझ्या हातात दिली. मी हालचाल न करता उभा राहिलो. मग बाहेर आलो, खिशातून रुमाल काढला आणि हात रिकामा होता म्हणून बॉनेटवरची धूळ टिपायला लागलो.

ओट्यावर जनाचा आजा बसला होता, धाऊ. म्हातारा खूप वेळ माझ्याकडे बघत होता. दर्शना बाहेर आली तसं त्यानं विचारलं, "बाय, ह्यो कोन गं?"

मी ताठ उभा राहिलो.

ती म्हणाली, "घरचे हायत. गाडी पुसतात."

म्हाताऱ्यानं मला नीट बघून घेतलं. मग गाडी बघितली. करडा गोल, सरळ रेषा, भिंतीला भेटलेला आरसा, सगळं सावकाश बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "नवा हाय काय?"

मी खुलासा करणार होतो, तेवढ्यात चहा आला.