बादलीतली भरताची वांगी

३ मार्च
रोपं चार. यांच्या हातचं शेवटचं बी, राखेत जपलेलं, भरताच्या वांग्याचं. जुनं झालेलं, फार उगवलं नाही. ही चार गेली तर संपलं. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. सगळीकडे बीटी कपाशी, आमच्या वावरातही. हे गेल्यापासून ते दीर करतात, दिनकरभाऊजी.
नळ आठवड्यातून एकदा. म्हणून पेपरात वाचलेली युक्ती केली. खालच्या बादलीत पाणी, तिच्यात बसवलेल्या दुसऱ्या बादलीत माती, तळाच्या भोकातून पाण्यात सोडलेली वात. माती आपलं आपण पाणी ओढते म्हणे. रिकाम्या बादल्या रहीमभाई रंगाऱ्यांनी दिल्या. वाती मी घरच्या कापसाच्या वळल्या, चांगल्या जाड. त्यात माझा हात बसलेला आहे.

७ मार्च
जाऊ वंदना पाहून गेली. "बादलीत वांगे? काऊन हो बाई, वावर चोरीले गेलं का?"
हसले. वावरातली विहीर आटली, हे तिलाही माहीत.

१२ मार्च
रोपांनी मान टाकली. संध्याकाळीही उठली नाहीत. खालच्या बादलीत तर पाणी आहे. मग तहान कसली?

१४ मार्च
दिनकरभाऊजी फवारणीचा पंप घेऊन आले. "वहिनी, हा मर रोग आहे. कपाशीचं औषध उरलं, मारून देतो."
नको म्हटलं.
"मंग मेले तं मले बोलू नका."
एक रोप गेलंच. उपटून पाहिलं. मुळं पांढरी, धड. माती मात्र पिठासारखी कोरडी. रोग नाही. पाणीच वर चढत नाही. बाकीच्या तिघांना वरून तांब्याने घालते आहे.

१६ मार्च
रात्री भांडी पुसायचं फडकं बादलीच्या काठावर राहिलं, एक टोक पाण्यात. सकाळी खाली थारोळं. फडकं पाणी ओढतं!
मग माझी वात पाण्यात टाकली. तरंगली. बुडवून धरली, तरी आतून कोरडी. तेल कशी घटाघटा पिते. कच्च्या कापसाला त्याचा स्वतःचा तेलकटपणा असणार, धुऊन धुऊनच जात असेल. कापूस वेचण्यात जन्म गेला नि हे आज कळलं.

१७ मार्च
धुतलेलं सुती कापड शोधते आहे. साड्या नायलॉनच्या, चादरी तसल्याच. साडीची चिंधी लावून पाहिली, पाणी जरासं चढून थांबलं. एवढा कापूस या दारातून गेला, घरात सुती कापड नाही. ते फडकंही यांच्या जुन्या धोतराचं.
दुसरं धोतर पेटीत आहे. झाकण उघडलं. परत लावलं.

१८ मार्च
फाडलं. काठ तेवढा ठेवला.
आवाज फार झाला. वंदना धावत आली, "काय फाडून राह्यल्या बाई?" मग तिने ओळखलं. दुसरं टोक धरून उभी राहिली.

२२ मार्च
धोतराच्या वातींवर तिन्ही उभी. माती बोटाला गार लागते. यांना सांगावंसं वाटलं.

९ एप्रिल
पानं पिवळी, मातीला कुजका वास. आता काय? वरची बादली उचलली तर तळ पाण्यात. रोपं उठल्यापासून मीच काठोकाठ भरते. मुळांना श्वास नाही.
रहीमभाईंनी खिळा तापवून खालच्या बादलीला बाजूने भोक पाडलं, जास्तीचं पाणी निघून जायला. म्हणाले, "भाभी, इतके लाड नका करू. रोप आहे, जावई नाही."

१८ मे
फुलं येतात, गळतात. ऊन सोसत नाही. नायलॉनची साडी वर ताणून बांधली. शेवटी कामाला आली.

६ जून
एक धरलं. लिंबाएवढं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं.
वंदना म्हणे, "आता पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजू, बाई." म्हटलं, कपाशीच्या काड्या राहू दे, हे भाजायचं नाही. हे झाडावरच पिवळं होऊ द्यायचं. बियाचं आहे.
दिनकरभाऊजी दारात चप्पल न काढता उभे. म्हणाले, "दादाचंच वांगं हे. बी झालं तं कपाशीत एक ओळ लावतो मी. फवारा नाही मारत त्या ओळीले."
पाहू. अजून देठ कोवळा आहे. खालची बादली अर्ध्यावर आली. नळ उद्या येईल म्हणतात.