मागे फिर, दादा

१४ नोव्हेंबर, शनिवार

दादाचं विमान सापडत नाहीये. दुपारचे चार वाजले.

सकाळी साडेनऊला निघाला, लेकीला होस्टेलवरून आणायला. मी नेहमीसारखी क्लबच्या रेडिओवर. म्हटलं, डोंगरावर ढग बसलेत, वर शून्याच्या खाली गारठा आहे, उद्या जा ना! तर म्हणे, "ठमे, तू रेडिओ सांभाळ, आभाळ मी बघतो." बारा वर्षं विमान उडवतोय आणि बारा वर्षं मला हेच ऐकवतोय.

दहा वाजून सात मिनिटांनी बोलला, "काचेवर बर्फ धरतोय गं." मग — "पंखांवर पण." आवाज अगदी साधा, पिशवी विसरल्याचं सांगावं तसा. मग — "पूर्ण ताकद लावलीय, तरी खालीच चाललंय."

मी किंचाळले. मागे फिर! दादा, मागे फिर! तीनदा.

उत्तर नाही.

१५ नोव्हेंबर

शोधपथकाचं हेलिकॉप्टर जमिनीवरच. त्यांनाही तोच ढग आडवा आलाय.

वहिनी सकाळपासून क्लबच्या बाकावर बसून आहे. मांडीवर दादाचं जाड जॅकेट — घरीच विसरला होता, वेंधळा! "थंडी वाजत असेल गं त्याला," एवढंच दर तासाला म्हणते.

भाचीचा फोन आला. "आत्या, मी काल इथे धावपट्टीपाशीच उभी होते. लख्ख ऊन होतं. मग बाबा का नाही आला?" काय सांगणार, कप्पाळ!

१६ नोव्हेंबर

काही नाही.

१७ नोव्हेंबर

आज नुसता संताप. मोठ्या विमानांच्या पंखांना बर्फ काढायची सोय असते. आमच्या या चार खुर्च्यांच्या डबड्याला काय आहे? काही नाही! खरखरीत कागदाइतका थर पुढच्या कडेवर बसला तरी पंख उचलेनासे होतात. इंजिन बिचारं कितीही ओरडू दे. हे क्लबमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी स्वतः कधी विमान उडवलेलं नाही, तरी मला माहीत आहे. रेडिओच्या वर मीच मोठ्या अक्षरात पुठ्ठा लिहून लावलाय — "बर्फ दिसला? लगेच मागे फिरा." दादा म्हणाला होता, "तुझं अक्षर बघून बर्फच पळून जाईल."

लहान बहीण ना मी. माझं कशाला ऐकेल? मान तिरकी करून गप्प बसला असणार. ओळखते ना मी त्याला.

१८ नोव्हेंबर

सापडलं. दरीत, वाटेपासून बरंच उजवीकडे. वाऱ्याने नेलं असेल, मी म्हटलं. क्लबचे मेकॅनिककाका फडक्याने हात पुसत राहिले.

दादा गेला. लिहिलं एकदाचं.

२१ नोव्हेंबर

घर माणसांनी भरलंय. जो येतो तो विचारतो, असं झालंच कसं? मी सगळ्यांना एकच सांगते — मी तीनदा सांगितलं मागे फिर, ऐकलं नाही. सांगून सांगून तोंडपाठ झालंय.

वहिनी अजून रडलेली नाही. जॅकेटची घडी घालते, मोडते, परत घालते. आज मला जवळ घेऊन म्हणाली, "तू तरी सांगितलंस गं त्याला. तुझ्या मनाला तेवढी तरी शांतता." खरंच आहे. तेवढ्या एका गोष्टीवर मी जेवते, झोपते. ती नसती तर मला वेड लागलं असतं.

२६ नोव्हेंबर

कामावर गेले. रेडिओवरचा माझा पुठ्ठा गायब! भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग. मी भडकलेच. मेकॅनिककाका म्हणाले, "मी काढला. राहू दे आता."

"का राहू दे? दादाने तेवढं वाचलं असतं तर आज—"

"राहू दे म्हणतो ना, पोरी." आणि हँगरमध्ये निघून गेले. इतकी वर्षं मला ठमाबाई म्हणणारा माणूस आज पोरी म्हणाला.

विमानातलं जीपीएसचं यंत्र शाबूत मिळालंय. कुठे गेलं, कधी वळलं, सगळं त्यात उमटतं म्हणे. बरं झालं! येऊ दे एकदा समोर, कोण हट्टी होतं ते. सोमवारी चौकशी अधिकाऱ्याने बोलावलंय. वहिनीला ती पायरी चढवणार नाही, म्हणून मी एकटीच जाणार.

३० नोव्हेंबर, सोमवार

अधिकाऱ्याने पडद्यावर रेघ दाखवली. दहा वाजून नऊपर्यंत सरळ. मग उजवीकडे वळण. पुरं नाही, निम्मंच. तिथे रेघ संपते. पंखांवर बर्फ असताना विमान वळवलं की ते कोसळू शकतं, म्हणाला. सरळ गेले असते तर कदाचित निभावलं असतं, ढग चार मिनिटांवर संपत होता. पलीकडे ऊन होतं.

दादाने माझं ऐकलं.

वहिनीचे तीन फोन येऊन गेलेत. उचललेले नाहीत.