दहा मिनिटांचा बदल

४ मार्च, सकाळी ९.४०
आजपासून ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटर खात्यांना माझे नवे नियम. पासवर्ड किमान दहा अक्षरी. दर तीस दिवसांनी नवा. आधी वापरलेले चोवीस पासवर्ड पुन्हा चालणार नाहीत. बोर्डावर नोटीस लावली, खाली माझी सही. आता आत शिरायची कुणाची टाप नाही.

४ मार्च, संध्याकाळ
अठरा फोन आले. आभाराचा एकही नव्हता. शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी घरच्या वायफायचा पासवर्ड आठव.

५ मार्च
रेकॉर्ड विभागातल्या ताई आल्या होत्या. त्यांना त्यांचा जुनाच पासवर्ड परत हवाय. का, तर म्हणे सवयीचा आहे. म्हटलं, ताई, एकाला सूट दिली की बाकीचे डोक्यावर बसतात. लगेच उठून गेल्या. पटलं असावं.

११ मार्च
संकल्प. एक, रोज लॉग वाचायचा, म्हणजे सिस्टीममध्ये कधी काय बदललं त्याची नोंद. दोन, चहा दोनच कप.
(पाच झाले. लॉग वाचायचा म्हणजे चहा लागतोच.)

८ एप्रिल
सापडलं! शुक्रवारी सकाळी ८.५० ला कुणीतरी 'आधीचे चोवीस' हा आकडा शून्य केला. नऊला पुन्हा चोवीस. ६ मार्चलाही अगदी तस्संच, दहाच मिनिटं. म्हणजे रोज लॉग वाचायचा संकल्प किती योग्य होता!
नियम बदलायचा अधिकार दोघांनाच, मला आणि शेजारच्या टेबलावरच्या थंड्याला; खातं दोघांचं एकच, त्यामुळे लॉगमध्ये नाव कळत नाही. पंधरा वर्षांचा सोबती. त्याला दाखवलं, तर म्हणाला, जाऊ दे ना, सिस्टीमचाच काहीतरी घोळ असेल. भोळा बिचारा. त्याच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. बाहेरची टोळी आहे.

९ एप्रिल
सापळा लावला. त्या आकड्याला कुणी हात लावला की मेल थेट साहेबांना. माझं काम त्यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. थंड्याला यातलं काही बोललो नाही, उगाच घाबरेल.

६ मे, सकाळी ९.०५
मेल गेला!! टोळी आली जाळ्यात.

६ मे, ११.३०
टोळी म्हणजे थंड्या. आणि रेकॉर्डच्या ताई.
साहेबांच्या खोलीत थंड्या मान खाली घालून उभा. ताईच बोलल्या. त्यांचा पासवर्ड म्हणजे मुलाचं लाडाचं नाव आणि जन्मसाल. मुलगा तीन वर्षांपूर्वी तापाने गेला. घरी त्याचं नाव कुणी काढत नाही, नवऱ्याला सोसत नाही. इथे दिवसातून दहा-बारा वेळा टाइप होतं, तेवढंच. ते टिकावं म्हणून थंड्या दर महिन्याला दहा मिनिटं नियम उघडून द्यायचा.
मग त्यांनी मला विचारलं, आता तो सगळ्यांना कळला, म्हणजे बदलावाच लागेल ना?
नियमाप्रमाणे हो, असं मी म्हणालो. देवा! मीच म्हणालो.

७ मे
साहेबांची शाबासकी. थंड्याची बदली गोदामावर. ड्रॉवर रिकामा करताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दिवसभरात एकही चहा घेतला नाही.
उद्या ताईंची माफी मागायची. नक्की.

८ मे
जमलं नाही. काम होतं.
(काम नव्हतं.)

१५ मे
आधी साहेबांकडून ताईंपुरती सूट मिळवायची, मग माफी. रिकाम्या हाताने कसं जाणार? साहेब ऐकायचे नाहीत, मुद्दे तयार करतोय. चार पानं झाली.

२२ मे
साहेबांनी पानं हातातसुद्धा घेतली नाहीत. सूट ना, देऊन टाका, म्हणाले. संपलं. मार्चमध्ये विचारलं असतं तरी हेच म्हणाले असते. मला फार वाईट वाटतंय.

२३ मे, दुपार
ताईंकडे गेलो. म्हटलं, जुना पासवर्ड परत लावून देतो, आता कायमचा. त्यांनी कीबोर्ड जरा पुढे सरकवला. म्हणाल्या, नको. परवा सहज टाइप करून पाहिला, तर बोटं नव्याकडेच वळली. पंधरा दिवसांत. मला वाटलं होतं, निदान बोटं तरी त्याला धरून ठेवतील.
मग म्हणाल्या, तुमची काही चूक नाही, तुम्ही नियमानेच वागलात.
माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं, प्रिंटरमध्ये शाई आहे का. आहे, म्हणाल्या. परत आलो.