मयताचा रस्ता

६ फेब्रुवारी, लातूर

दिवसभर नियोजनाची बैठक. मंत्री झालो तेव्हा वाटलं होतं, जिथं तहान तिथं पाणी म्हणजे नियोजन. कसलं काय! जो टेबल आपटतो त्याचं आधी होतं. गुरुपादप्पाच्या वस्तीचा रस्ता यंदाही यादीतून गळाला. रेणापूरपासून जवळच, पण मतं मूठभर. माझ्या पहिल्या निवडणुकीत हाच माणूस सायकलवर गावोगाव फिरला होता. आज बैठकीबाहेर उभा होता.

"पुढच्या वर्षी करू," म्हणालो.

"हाव साहेब," म्हणाला. विश्वास नव्हताच त्याचा. तरी हसला.

८ फेब्रुवारी

सीमेवर चकमकी सुरू. मुरुडच्या सभेत गरजलो — एकदाचा निकाल लावून टाका! टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत गुरुपादप्पा तेवढा हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याचा पोरगा संगमेश फौजेत, तिकडंच चौकीवर आहे. हे मला भाषण झाल्यावर आठवलं.

युद्ध पाहिजे म्हणणाऱ्या आम्हा लोकांची पोरं कुठं आहेत? माझं पुण्यात, गाड्यांच्या शोरूममध्ये. लाज वाटते. उद्या नायगावला पुन्हा हेच भाषण आहे.

११ फेब्रुवारी

संगमेशच्या चौकीवर हल्ला. तो बेपत्ता. घरी अजून कळवलेलं नाही, खात्री होईपर्यंत गप्प राहायचं आहे.

विनोद माझा स्वीय सहायक. हुशार पोरगा. म्हणाला, "साहेब, तयारी ठेवावी लागंल. लई माणूस येईल, मोठे लोक येतील. वस्तीवर तर गाडीच जात न्हाई."

तासाभरात रस्ता मंजूर! अंत्यविधीच्या व्यवस्थेतून. इतकी वर्षं मिळाला नाही तो पैसा निघाला. सही केली. 

१२ फेब्रुवारी

घात झाला. निरोपाच्या आधी रोलर पोचला.

गुरुपादप्पा गोठ्यातून बाहेर आला म्हणे. खडी बघितली, रोलर बघितला. "आमच्याकडं रस्ता? कुणाचं मयत हाय?" रोलरवाल्यानं इंजिन बंद केलं. तो तिथंच मटकन बसला. त्याची बायको तुळजाबाई चुलीवरची भाकरी टाकून धावत आली.

मी दुपारी गेलो. सांगितलं, पोरगा सापडत नाही, पण अजून नक्की काही नाही.

तुळजाबाईंनी विचारलं, "मंग रस्ता कशापायी करायलेत?"

उभी हयात राजकारणात घालवली मी, सभा जिंकल्या, विरोधकांची तोंडं बंद केली. त्या बाईपुढं हात जोडले आणि खडी तुडवत गाडीकडं निघालो.

१३ फेब्रुवारी

निरोप नाही. रस्ता शाळेपर्यंत आला, वस्ती अजून पुढं आहे.

१४ फेब्रुवारी

संगमेश सापडला. जिवंत! डावा पाय मात्र काढावा लागला. विनोदच्या गळ्यात पडून रडलो.

संध्याकाळी रोलर परत गेला. पैसा अंत्यविधीचा होता. मयत नाही, तर रस्ता नाही. काम थांबवायच्या कागदावरही सही माझीच.

गुरुपादप्पाचा फोन आला. रस्ता थांबल्याचं मीच चाचरत सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या साहेब," म्हणाला. "शाळेपतूर गाडी येतीय की. म्होरं आमी चौघं उचलून नेताव त्याला."