जुना फ्लॅश, हिचा कॅमेरा आणि आईचा वाढदिवस

३ मार्च
माळा आवरताना माझा रोलच्या जमान्यातला फ्लॅश सापडला. वजन अर्ध्या विटेएवढं. हल्लीच्या खेळण्यांत असा दम नाही. पुढच्या रविवारी आईला पंच्याहत्तर पूर्ण. फोटोग्राफर बोलवायचा नाही, मीच फोटो काढणार, असं जाहीर केलं. कॅमेरा हिचा. नवा, डिजिटल, स्वतःच्या पगारातून घेतलेला. ही गप्प राहिली. म्हणजे संमती.

४ मार्च
फ्लॅशच्या पोटात जुने सेल फुटून हिरवा थर जमलेला. व्हिनेगरने घासला. हिच्या टूथब्रशने. (नवा आणणे.) नवे सेल घालताच बारीक शीळ वाजली, लाल दिवा लागला. डोळे भरून आले. व्हिनेगरमुळेही असेल.

६ मार्च
चाचणी. सासूबाई खुर्चीत. अर्धा फोटो काळाकुट्ट. शटरचा वेग जास्त असला की असं होतं. मला माहीत होतंच, खात्री करून घेतली. वेग कमी केला. आता सासूबाई पांढऱ्याफटक. त्या म्हणाल्या, "मी गेल्यावर कशी दिसेन ते आजच कळलं, जावईबापू." जुना फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलत नाही, उजेडाचा हिशोब आपणच करायचा. येतो मला.

८ मार्च
ही कॅमेऱ्याचं पुस्तक घेऊन आली. जुन्या फ्लॅशचं व्होल्टेज जास्त असेल तर नवा कॅमेरा आतून जळतो म्हणे. "अहो, आधी दुकानात तपासून तरी घ्या." म्हटलं, असली पुस्तकं वकील लिहितात. काल कॅमेरा दोनदा आपोआप बंद पडला, ते सांगितलं नाही. उगाच काळजी करते. बॅटरी आळशी आहे, एवढंच.

११ मार्च, सकाळी
आज दादा आणि ताई येणार. आईच्या ऑपरेशनला दवाखान्यात कोण थांबलं नि कोण नाही, यावरून दोघांचा अबोला. कित्येक वर्षं एका खोलीत आले नाहीत. आईची एकच इच्छा, दोघांना दोन बाजूंना घेऊन फोटो. म्हटलं, आई, माझ्यावर सोड.

११ मार्च, संध्याकाळी
पहिलाच फोटो केकचा. लख्ख उजेड, टक् आवाज, कॅमेऱ्याचा पडदा काळा. बॅटरी काढून घातली. काळा. फुंकर मारली. काळा.
तेवढ्यात आईने हाक मारली. दादा उठला. ताईही उठली. दोघं आईच्या खुर्चीमागे आले. आईने दोघांचे हात ओढून एकमेकांत दिले. ताई म्हणाली, "किती वाळलास रे." दादा नुसता नाक ओढत राहिला. सगळे माझ्याकडे बघतायत. अशा वेळी कॅमेरा मेला, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? डोळा लावला आणि फ्लॅशच्या पाठचं चाचणीचं बटण दाबलं. लख्ख! आई म्हणाली, "अजून एक." पुन्हा लख्ख. मग पाहुण्यांचेही काढले. जोडीने, रांगेने, लहान मुलं पुढे बसवून. सगळे म्हणाले, हौशी माणूस.
ही कोपऱ्यातून बघत होती. हिला कळलंय.

१२ मार्च
"फोटो पाठव," सकाळपासून सुरू. रंगांवर काम चालू आहे, असं कळवलं.

१४ मार्च
दुकानात दाखवला. आतून जळलाय. हिला म्हटलं, कॅमेरा नाजूक निघाला, फ्लॅश मात्र ठणठणीत.

१५ मार्च
आईला खरं सांगितलं. म्हणजे हिने सांगायला लावलं. आई इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली. मग तिने दोघांना फोन केला, फोटोच आला नाही, पुन्हा या. दादा ताईला घ्यायला जाणार आहे म्हणे, एकाच गाडीतून येतायत. माझ्या कॅमेऱ्याशिवाय हे जमलं असतं का? पण मी श्रेय मागणारा माणूस नाही. (हिने शेजारून वाचून 'माझ्या' शब्द खोडला.)

१८ मार्च
फोटोग्राफर बोलावला. ताईने मलाही ओढलं. फोटो लगेच दाखवला त्याने. आई खळखळून हसतेय, दादाचा हात ताईच्या खांद्यावर. सगळे सुरेख. डोळे मिटलेले एकट्या माझे. म्हटलं, पुन्हा काढू या.
आई म्हणाली, "नको रे, हाच छान आलाय."